सांडीचं पाणी

बाटली तोंडोतोंड भरलेली पाहून देवाजीला पहिल्यांदा आनंदच झाला. शेतकरी माणसाला भरलेलं भांडं दिसलं की बरं वाटतं, मग ते धानाचं असो की पावसाच्या पाण्याचं. श्रावणातला पाऊस आदल्या दिवसापासून धरून बसला होता. सर्वे कॅम्पच्या मागे, तारेच्या कुंपणाआड, जस्ताचा एक गोल डबा जमिनीत रोवलेला होता. डब्यावर नरसाळं आणि नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं, किती इंच भरलं ते पाहायचं आणि ओव्हरसियर मारोतरावांना सांगायचं, एवढं त्याचं काम. बाकी दिवसभर खाकी कोट घालून कॅम्पची चौकीदारी. कोट कोण्या धिप्पाड माणसासाठी शिवलेला होता. त्याच्या बाह्यांतून देवाजीची बोटंच तेवढी बाहेर दिसत.

बाटली उचलली तर खाली डब्यातही पाणी होतं. बाटली भरल्यावर वरचं सांडून डब्यात साठलं होतं. देवाजीने बाटलीतलं पाणी ग्लास-ग्लास करून नीट मोजलं. चार इंच. मग त्याने डबा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि त्यातलं पाणी कुंपणाच्या कडेला भुईवर ओतून दिलं.

गोंदियाकडच्या त्याच्या गावात खळ्यावर धान असंच मोजत. पायली भरायची, वरून हात फिरवायचा, पोत्यात रिती करायची. काठावरून जे घरंगळेल ते मोजायचं नाही. ते सांडीचं. ते भुईचं, पाखरांचं, खळं झाडणाऱ्या बाईचं. सांडीचे दाणे मापात धरणारा माणूस गावात हलका समजला जाई. देवाजीच्या हातची पायली म्हणजे तर गावात शब्द होता. लोक आपली रास मोजायला त्याला बोलवून नेत. पुढे भावांच्या वाटण्यांत शेत एवढंसं उरलं, आणि भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहतोय, येईल त्याला काम मिळतंय असं कळलं, तेव्हा तो बायकोला, गयाबाईला घेऊन इकडे आला. शेत सुटलं, पण हात तोच राहिला. पाऊस मोजायचं काम त्याला वैशाखात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाबूने कोरड्या बाटलीत तांब्याभर पाणी घालून ते ग्लासात ओतून दाखवलं. बाटली भरून सांडली तर काय करायचं, हे त्या उन्हात बाबूच्या मनातही आलं नाही.

"चार इंच, साहेब," तंबूच्या दारातून देवाजीने सांगितलं. मारोतरावांनी लिहून घेतलं.

बऱ्याच दिवसांनी मारोतरावांनी त्याला आत बोलावलं. मारोतराव नागपूरचे, वयाने लहान, बोलायला मऊ. टेबलाभोवती नकाशे काढणारी दोनतीन पोरं बसली होती.

"देवाजी, त्या मोठ्या पावसाचा शेजारच्या दुर्गचा आकडा आला. तिकडे सात इंच. आपल्याकडे चारच. एवढा फरक कसा?"

नकाशेवाल्यांपैकी एकजण गालात हसला. देवाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सारा गाव ज्याच्या मापावर भरोसा टाकी, त्याला ही काल मिसरूड फुटलेली पोरं हसत होती.

"दुर्गचा पाऊस दुर्गात, साहेब. धानाच्या एका बांधीत पडते, बाजूच्या बांधीत पडत नाई. मी सोताच्या हातानं मोजला जी."

"नक्की ना?"

"धान मोजता मोजता केस पिकले माहे. थेंब इकडचा तिकडं होत नाई."

मारोतरावांनी मान डोलावली. पाऊस असा पडतोही, दोन कोसांवर निम्मा होतो. शिवाय देवाजीवर त्यांचा जीव होता. "इथलं पाणी इथल्याच पावसावर मोजलेलं बरं," ते म्हणाले आणि त्यांनी चार हा आकडा पक्का केला.

त्या हिवाळ्यात मरोदा गावाच्या बाजूचा नाला वळवला. जिथून तो वाहत होता तिथे बांधकाम यायचं होतं, म्हणून मशिनी लावून त्याला कॅम्पच्या पलीकडून नवी वाट खणून दिली. जुन्या नाल्याला पूर कुठवर येई ते म्हातारी माणसं झाडं दाखवून सांगत, पण आता ती झाडंही नव्हती आणि तो नालाही नव्हता. नव्या नाल्याला किती पाणी येईल ते केवळ पावसावरून ताडायचं होतं. आकडे मांडले गेले, नकाशे झाले, आणि नाल्याच्या काठाकाठाने चुना फासलेले दगड रोवले गेले. पाणी चढलं तर या दगडांपर्यंत. दगडांच्या वर मजुरांनी खुशाल झोपड्या बांधाव्या.

देवाजी दगड रोवणाऱ्यांच्या मागेमागे हिंडला. आपल्या मापावर एवढं काम झालं म्हणून त्याची छाती फुगली होती. घरी येऊन त्याने गयाबाईला सांगितलं, "साहेबानं दुर्गचा आकडा बाजूले ठेवला आन माहा धरला."

"मंग पगार वाढवते का?" गयाबाई म्हणाली. तिचं सगळं असं रोकडं.

देवाजीची लेक मथुरा नवऱ्याबरोबर पावर हाउस नावाच्या वस्तीत राहत होती. जावई बाबुलाल रिव्हेट मारणाऱ्या टोळीत होता, मथुरा रेजा म्हणून घमेली वाहत होती. होळीनंतर बाबुलाल कामावरच्या उंच परांचीवरून पडला. कमरेपासून टाचेपर्यंत पाय प्लास्टरमध्ये गेला. पावर हाउसची खोली वरच्या मजल्यावर, आणि संडास खाली गल्लीत. धडधाकट गडी, पण बायकोच्या गळ्यात हात टाकून, एकेक पायरी बसून उतरायचा. खालचे दुकानदार पाहत राहायचे. पहिल्या दिवशी तो हसला, दुसऱ्या दिवशी रडला आणि नंतर त्याने खाणंच कमी करून टाकलं, म्हणजे उतरायला नको.

गयाबाईने हे पाहिलं आणि घरी येऊन डोळ्याला पदर लावला. "आपल्याकडं आना त्याईले."

पण चौकीदाराला कॅम्पात एकच खोली होती, आणि सासऱ्याच्या घरी पडून राहणं बाबुलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. देवाजीने तोड काढली. नाल्यापल्याड, कॅम्पच्या अगदी समोर, चुन्याच्या दगडाच्या वर एक जागा रिकामी होती. कच्च्या विटांची भिंत, वर कवेलूचं छप्पर, दाराशी मोकळं अंगण. नाल्यावर पूल म्हणून रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकले होते, त्यांवरून गयाबाई वाटीभर कालवण घेऊन गरमागरम पोचू शकली असती.

"नाल्याच्या काठाले?" मथुरा म्हणाली. "पाणी आलं तं मी याईले घेऊन कोठी पळू, बाबा?"

"दगडाच्या वर पाणी येत नाई, बाई. मी मोजलं हाये."

मथुराने पुन्हा विचारलं नाही. लहानपणी खळ्यावर बाप पायली भरताना ती पोत्याचं तोंड धरून उभी राहायची. बापाने मोजलं म्हणजे मोजलं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

बाबुलालला खाटेवर घालून आणलं. अंगणात खाट ठेवली तेव्हा दगडाकडे पाहून तो किती दिवसांनी मोकळा हसला. "मामाजी, दगड तुमचा मनते मथुरा. मंग आमी बी तुमचे!"

उन्हाळा बरा गेला. तो जेवू लागला. अंगणातल्या खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारू लागला. थोड्या वरच्या अंगाला राहणारी शेजारीण तुळसाबाई बालाघाटकडची, तोंडाने फटकळ. ती त्याला "जमाईराजा" म्हणून चिडवायची. प्लास्टर पोळ्यापर्यंत निघेल, असं डॉक्टर म्हणाला होता.

श्रावणात पाऊस पुन्हा तसाच आला. आठवडाभर रिपरिप होती, जमीन पाणी प्यायचं थांबली होती, आणि मग एका दुपारी आभाळ खाली येऊन जे कोसळायला लागलं ते दुसऱ्या सकाळपर्यंत उसंत नाही. सकाळी देवाजी डोक्यावर पोतं घेऊन कुंपणात शिरला, तर मागोमाग छत्री घेऊन मारोतराव आले. नाल्याचा आवाज तंबूपर्यंत येत होता. आकडा त्यांना उभ्याउभ्या हवा होता.

"आज बी बाटली भरली, साहेब."

देवाजीने मोजलं. चार इंच. मग सवयीने डबा उचलला, कपाळाला लावला आणि भुईवर वाकडा केला.

"अहो, हे काय करून राहिले?"

"सांडीचं हाये जी."

"सांडीचं म्हणजे?"

"बाटलीतून सांडलेलं. हे मापात नाई धरत. भुईचं असते."

मारोतरावांनी छत्री टाकून दिली आणि डबा त्याच्या हातातून ओढून घेतला. अर्धं पाणी गेलंच होतं. उरलेलं त्यांनी ग्लासात ओतलं. एकदा भरला, परत भरला, आणि तरी डब्यात राहिलंच.

"मागच्या साली? त्या मोठ्या पावसात? तेव्हाही असंच ओतलं होतं?"

"हो जी. डबा अर्ध्याच्या वर होता."

"देवाजी, तोही पाऊसच होता हो." मारोतरावांचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला होता. "नाला त्या चार इंचावर खणलाय. दगड त्यावरच रोवलेत. तुम्ही किती मोजलं ते मी विचारलं, कसं मोजता ते पाहायला एक दिवस आलो नाही."

देवाजीला आधी शब्दच कळले, अर्थ कळला नाही. मग एकदम कळला. हातातली बाटली कुठे पडली ते त्याने पाहिलं नाही. तो धावत सुटला. गुडघाभर चिखलात पडला, उठला, परत पडला.

नाला मातीने लाल झाला होता. फळ्या, बांबू, सिमेंटची रिकामी पोती, कुठलीतरी कोंबड्यांची खुराडी भोवऱ्यात फिरत चालली होती. स्लीपर दिसतच नव्हते. पल्याडच्या झोपड्यांतले लोक बोचकी घेऊन वरच्या रस्त्याकडे निघाले होते. मथुरा मात्र पदर खोचून दारात उभी होती आणि चुन्याच्या दगडाकडे पाहत होती. पाणी दगडाच्या वीतभर खाली होतं.

तिला बाप दिसला. तिने हात वर केला, दगडाकडे बोट दाखवलं आणि पाण्याच्या गर्जनेवरून ओरडून म्हणाली, "खालीच हाये, बाबा! काळजी नोका करू!"

देवाजी अगदी काठाशी जाऊन ओरडला.

"निंघ! मथुरा, निंघ! दगडाचं काई खरं नाई! माहं माप चुकलं!"

पाण्याने त्यातलं किती नेलं कोण जाणे. पण 'निंघ' एवढं तिला कळलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग तिने बापाचं ऐकलं, जन्मभर ऐकत आली होती तसंच. ती आत पळाली.

पाणी कसलीही घाई न करता चढत गेलं. दगडाचा चुना बुडाला. मग दगड बुडाला. अंगणातल्या खाटेचे पाय बुडाले. मथुरा दारात दिसली. बाबुलालचा हात तिच्या गळ्यात होता आणि भिजून जड झालेला तो पांढरा पाय मागे फरफटत होता. तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. वरून तुळसाबाई दोन माणसांना हाका मारत खाली धावत होती. एवढ्यात मागची भिंत बसली. आठवडाभर भिजलेल्या कच्च्या विटा त्या. फार आवाजही झाला नाही. भिंतीमागोमाग छप्पर खाली आलं. मथुरा बाहेर पाण्यात फेकली गेली. बाबुलाल आतल्या अंगाला राहिला.

ती गुडघाभर पाण्यात बसून दोन्ही हातांनी कवेलू उपसत होती, फेकत होती, आणि ऐल काठावर तिचा बाप छातीइतक्या पाण्यात शिरला होता. मारोतरावांनी आणि दुसऱ्या चौकीदाराने त्याला कोटाला धरून मागे ओढलं. कोट सरकारी होता, मजबूत होता. फाटला नाही.

पूर ओसरल्यावर बाबुलालला काढलं. सगळे विधी देवाजीनेच केले, कारण बाबुलालच्या घरचं कोणी वेळेत पोचू शकलं नाही. गयाबाईने लेकीला आपल्या खोलीवर चल म्हणून विनवलं. पण मथुरा तुळसाबाईकडेच राहिली. आपलं घर वरच्या बाजूला परत बांधायचं, एवढंच ती बोले.

मारोतराव एक दिवस देवाजीच्या खोलीशी आले. दारातच उभे राहिले. "मी वर लिहून दिलंय. आकडा चुकीचा आला म्हणून. दगड हलवतील, नाला रुंद करतील. कसा चुकला ते मी लिहिलं नाही, आणि कोणाला सांगायची गरज नाही. तुम्हीही बोलू नका."

देवाजीने मान हलवली. तेवढं झाकून राहिलं असतं तर त्याला हवंच होतं, खोटं कशाला बोला.

पण मजुरांच्या वस्तीत कुजबुज होतीच. एकदा तो भाताचा डबा घेऊन तुळसाबाईच्या दाराशी पोचला, तेव्हा आत एक बाई म्हणत होती, "बाप पाऊस मोजते, आन लेकीलेच नाल्यात बसोलं."

"माह्या बाबाले कोनी काई बोलाचं नाई," मथुराचा आवाज आला. किती दिवसांनी तिचा आवाज चढला होता. "त्यायचं माप बराबर होतं. पाऊसच तसा आला, त्याले ते का करतीन?"

देवाजी डबा उंबऱ्यावर ठेवून परत गेला. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवेना. घरी त्याने गयाबाईला सगळं सांगितलं आणि मथुरालाही सांगतो म्हणाला. गयाबाई म्हणाली, "नोका सांगू. पोरीपाशी आता तुमीच उरले. तेबी नेता का तिच्यापासून?" तिचंही खरं होतं.

तरी तो गेला. मथुरा वरच्या जागेवर नव्या भिंतीला माती लिंपत होती. तिच्या नखांत अजून कवेलूच्या जखमा होत्या. तो बाजूला उकिडवा बसला आणि खाली पाहत सगळं सांगितलं. बाटली, डबा, कपाळाला लावणं, भुईवर ओतणं. आदल्या सालचंही सांगितलं.

तिचा हात भिंतीवर थांबला.

"दुर्गचा आकडा जास्त हाये मनून साहेबानं इचारलं होतं ना? तुमीच सांगतलं होतं घरी."

"हो."

"तवा बी तुमाले शंका नाई आली?"

"नाई आली, माय. सांडीचं कोनी मोजते का? माह्या डोक्यातच नाई आलं."

तिने माती परत लिंपायला घेतली. मग भिंतीकडे पाहतच म्हणाली, "त्या दिवशी तुळसाबाई खाट घेऊन आली होती. पहाटेच आली होती. संगं दोन मानसं होती. याईले उचलून वर नेतो मने. हे बी मनत होते, जाऊ मनून. मीच नाई मनलं. मनलं, माह्या बाबानं मोजलं हाये."

देवाजीच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचाही नव्हता. त्याने उठून मातीचा एक गोळा उचलला, भिंतीला लावायला.

"राहू द्या," मथुरा म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी वाईट वागली नाही. आला तर पाट द्यायची, पाणी द्यायची. गयाबाईच्या गळ्यात पडून रडायची, पण तो आला की डोळे पुसून कामाला लागायची. ती परत घमेली वाहायला जाऊ लागली.

भाद्रपदाच्या शेवटी पावसाने आणखी एक जोर केला. देवाजीने डोळ्यांत तेल घालून मोजलं. बाटली मोजली, डबा मोजला, डब्याच्या बुडाला चिकटलेलं पाणीही निथळून ग्लासात घेतलं. मारोतरावांनी शेजारी उभं राहून पाहिलं आणि लिहिलं. पाऊस बेताचा होता. मशिनी लावून घाईने रुंद केलेल्या नाल्यात तो सहज मावणार होता. वस्तीत मात्र पळापळ सुरू झाली होती, बायका चुली विझवून बोचकी बांधत होत्या.

वाहून गेलेल्या स्लीपरांच्या जागी घातलेल्या नव्या पुलावरून देवाजी धापा टाकत मथुराच्या नव्या घराच्या दारी गेला. ती भांडी पोत्यात भरत होती. तुळसाबाई तिला हातभार लावत होती.

"मथुरा, कोठी जाऊ नोको. दोन इंचाच्या आतच हाये. पाणी अथपर्यंत येत नाई. सगळं मोजलं मी, डब्यातलं बी मोजलं."

मथुराने हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिने बापाकडे पाहिलं, पार ओल्या टोपीपासून चिखलाच्या पायांपर्यंत. तिच्या डोळ्यांत राग असता तरी त्याला धीर वाटला असता. मग ती तुळसाबाईकडे वळली.

"मावशी, जरा कॅम्पात जाऊन येता का? मारोतराव साहेबाले इचारा, खरंच किती पडला ते."

तुळसाबाईने देवाजीकडे पाहायचं टाळलं आणि डोक्यावर पोतं घेऊन ती पुलाकडे निघाली. मथुरा परत भांडी भरू लागली. देवाजी दाराबाहेर पावसात तसाच उभा राहिला, तुळसाबाई येईपर्यंत.